परिषदेतला मुक्तस्रोत स्टॉल: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

परिषदेत मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम, 'स्रोत', सर्वांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरचा स्टॉल लावणाऱ्या गटाला संध्याकाळी आवराआवर करताना बहुधा एकच हिशेब माहीत असतो: किती पत्रके संपली आणि किती स्टिकर उरले. पुण्यात आणि आसपास लिबरऑफिस (लेखन, हिशेब अशा कार्यालयीन कामांचा मुक्त संच) व मराठी युनिकोडचे (अक्षरे साठवण्याच्या जागतिक मानकाचे) स्टॉल लावताना माझे मत असे बनत गेले की मोजायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. आलेल्या माणसाने स्वतःच्या कामाची फाइल स्वतःच्या हाताने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली का, आणि महिन्याभरानंतरही तो ते सॉफ्टवेअर वापरतो आहे का, हे दोनच आकडे उपयोगाचे ठरतात. उबुंटू या लिनक्सवर आधारित, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीच्या 'शिपइट' योजनेतून २००५ ते २०११ या काळात जगभर टपालाने मोफत सीडी येत असत. त्या सीडी आम्हीही महाविद्यालयांत उत्साहाने वाटल्या, परंतु त्यांतल्या किती सीडी कधी संगणकात गेल्या, हे आम्ही कोणालाही विचारले नाही. पुढचे विवेचन याच अनुभवावर उभे आहे. उदाहरण लिबरऑफिसचे असले तरी इंकस्केप (रेखाचित्रे), क्यूजीआयएस (नकाशे) किंवा क्रिटा (चित्रकला) यांच्या स्टॉललाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

स्टॉल कोणासाठी, हे आधी ठरवा

वापरणारे मिळवायचे, सॉफ्टवेअरवर काम करणारे मिळवायचे की देणगीदार मिळवायचे, हे किमान तीन महिने आधी ठरवावे; कारण या तीन उद्देशांसाठी टेबलावरच्या वस्तू, बोलणारी माणसे आणि पाठपुरावा हे सगळेच बदलते. ब्रसेल्सच्या विद्यापीठ परिसरात दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या फॉसडेम या मुक्तस्रोत परिषदेत प्रवेश मोफत असतो, नावनोंदणी लागत नाही आणि समोरून येणाऱ्या बहुतेकांना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक प्रमुख परवाना) म्हणजे काय हे ठाऊक असते. तिथला स्टॉल मुख्यतः काम करणारी माणसे शोधतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी डोक्यावर त्याच्या बोधचिन्हातल्या नारिंगी शंकूच्या टोप्या घातल्या तरी त्यामागचा संदर्भ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शिक्षकांच्या किंवा ग्रंथपालांच्या परिषदेत हीच पद्धत वापरली, तर लोक शिष्टाचार म्हणून पत्रक घेतात आणि पुढे जातात.

माझा आग्रह असा आहे की मराठी गटांनी संगणकवाल्यांच्या परिषदांइतकाच वेळ इतर मेळाव्यांना द्यावा. मुख्याध्यापकांचे अधिवेशन, ग्रंथालय संघांची परिषद, मुद्रकांचे प्रदर्शन आणि साहित्य संमेलनाचे ग्रंथप्रदर्शन या ठिकाणी खरी अडचण घेऊन फिरणारी माणसे भेटतात. जुन्या फाँटमध्ये टंकलेली शेकडो पाने असलेला प्रकाशक, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे प्रयोगशाळेतल्या २० संगणकांचे काय करायचे या विवंचनेत असलेली शाळा, आणि परवान्यांच्या खर्चाला कंटाळलेले छोटे कार्यालय यांना आपल्याकडे खरोखर काही देण्यासारखे आहे. मात्र अशा ठिकाणी स्टॉलला भाडे पडते, म्हणून सामाजिक उपक्रम म्हणून सवलत मिळेल का, हे आयोजकांना लेखी विचारावे. न विचारल्यामुळे पूर्ण भाडे भरण्याची वेळ आमच्यावर आली आहे.

आयोजकांना विचारायच्या गोष्टी

टेबलाची लांबी-रुंदी, खुर्च्यांची संख्या, विजेचे पॉइंट किती आणि टेबलापासून किती अंतरावर, मागे भिंत आहे की मोकळी वाट, साहित्य आदल्या संध्याकाळी लावता येईल का, रात्री ते कुलपात राहील का, आणि वस्तू विकण्याची परवानगी आहे का, एवढे सगळे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. तोंडी मिळालेले आश्वासन सकाळी आठ वाजता मंडपवाल्याला दाखवता येत नाही. परिषदेच्या वायफायची चौकशी करू नये, कारण ते असो वा नसो, आपली सगळी तयारी इंटरनेटशिवाय चालणारीच हवी. शेकडो लोक एकाच जाळ्यावर आल्यावर ते बसते, आणि 'थांबा हं, लोड होतंय' या वाक्यानंतर कोणताही पाहुणा फार वेळ थांबत नाही.

नाव, चिन्ह आणि परवाना

ज्यांच्या सॉफ्टवेअरचा आपण प्रचार करतो, त्यांचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्याचेही नियम असतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचे नुसते भोवऱ्याचे चिन्ह कोणीही वापरू शकतो, परंतु बाटलीसह असलेले चिन्ह अधिकृत वापरासाठी राखलेले आहे. लिबरऑफिसचे नाव ते सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेकडे नोंदलेले असून त्याचे वापराचे धोरण जाहीर आहे. फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी हे धोरण वाचावे आणि आपण स्थानिक स्वयंसेवकांचा गट आहोत, हे फ्लेक्सवर स्पष्ट लिहावे.

प्रती वाटण्याच्या बाबतीत मात्र बरेच गट नकळत चूक करतात. लिबरऑफिस मोझिला पब्लिक लायसन्स २.० या परवान्याखाली येते, त्यामुळे त्याची प्रत देताना मूळ स्रोत कुठून मिळेल हे कळवावे लागते; पेन ड्राइव्हमध्ये तसा मजकूर असलेली एक फाइल ठेवली की काम होते. संपूर्ण लिनक्स वितरण (प्रणाली आणि तिच्यासोबतची सॉफ्टवेअर) भरलेला पेन ड्राइव्ह हातात द्यायचा असेल तर त्यातले कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येते, आणि ती आवृत्ती देणाऱ्यावर जबाबदारी टाकते: एक तर स्रोत सोबत द्या, किंवा मागेल त्याला प्रत काढण्याच्या खर्चाहून अधिक न घेता तो पुरवण्याचे किमान ३ वर्षांचे लेखी आश्वासन द्या. आम्ही वितरणाच्या स्रोतांची एक हार्ड डिस्क स्टॉलवर ठेवतो आणि तशी पाटी लावतो. आजवर ती फार थोड्यांनी मागितली आहे. तरीही ज्या परवान्याच्या बळावर आपण तिथे उभे असतो तो आपणच पाळला नाही, तर दुसऱ्याला तो समजावण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही, असे मला मनापासून वाटते.

टेबलाची मांडणी

फ्लेक्सवरचा मुख्य मजकूर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर असावा. टेबलाला पुढून लावलेले सुंदर कापडी फलक गर्दी झाली की दिसत नाहीत, आणि नेमके तेव्हाच लांबून पाहणाऱ्याला आपण कोण ते कळायला हवे असते. मोठ्या अक्षरांत सॉफ्टवेअरचे नाव लिहिण्यापेक्षा त्याने होणारे काम लिहावे. 'मराठीत लिहायचे, हिशेब करायचे, छापायचे? इथे बसून पाहा' या ओळीपाशी जेवढे लोक थांबले, तेवढे 'लिबरऑफिस' या शब्दापाशी कधी थांबले नव्हते. नाव त्याखाली मध्यम आकारात पुरते.

दोन लॅपटॉप असावेत आणि त्यांतला एक मुद्दाम जुना असावा, म्हणजे 'आमच्या संगणकावर हे चालेल का' या प्रश्नाचे उत्तर बोलून द्यावे लागत नाही. पडदा पाहुण्याकडे तोंड करून ठेवावा, कळफलक आणि माउस त्याच्या हाताशी ठेवावे, आणि समोर एक खुर्ची रिकामी ठेवावी. बसलेला माणूस दहा मिनिटे थांबतो. उभ्या माणसाचे लक्ष मात्र पुढच्या स्टॉलकडे लागलेले असते. अक्षरे मोठी दिसतील असा पडदा आधीच लावून ठेवावा, कारण अनेकांचा चष्मा खिशात असतो. एक्स्टेंशन बोर्ड आपला न्यावा, वायर जमिनीला चिकटपट्टीने बसवावी, आणि लॅपटॉपला साखळी-कुलूप लावावे.

छापील साहित्य कमी आणि नेमके असावे. अर्ध्या ए-फोर कागदावर एका बाजूला सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचा आणि मराठी कळफलक सुरू करण्याचा क्रम, दुसऱ्या बाजूला पुढच्या भेटीची तारीख, जागा आणि क्यूआर कोड, एवढे पुरेसे होते. क्यूआर कोडखाली वेब पत्ता अक्षरांतही छापावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. त्याचा उल्लेख शिक्षकांसाठीच्या पत्रकात अवश्य करावा.

प्रात्यक्षिक

स्टॉलचे यश इथे ठरते, म्हणून तयारीचा निम्मा वेळ इथे द्यावा. सुरुवातीचा प्रश्न 'तुम्हाला लिनक्स माहीत आहे का' असा कधीही विचारू नये. 'नाही' म्हणावे लागलेला माणूस मनातून मागे सरतो. 'सर, तुमचं रोजचं काम कशावर चालतं?' किंवा 'मॅडम, शाळेचे निकाल कशात तयार करता?' असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. प्रात्यक्षिक त्या उत्तरातून निघाले पाहिजे. त्यासाठी चार-पाच छोट्या तालमी हव्यात, आणि प्रत्येकीत पहिल्या अर्ध्या मिनिटात कळफलक पाहुण्याकडे गेला पाहिजे.

मराठी मजकुराची तालीम आम्ही अशी करतो. आधी जुन्या फाँटमधला एक परिच्छेद उघडून त्याचा फाँट बदलायला पाहुण्याला सांगतो, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ त्याच्या डोळ्यांसमोर उमटतो. मग कारण सांगतो: त्या पद्धतीत फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा वेष देतो, म्हणून फाँट गेला की मजकूरही हातचा जातो, शिवाय त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. त्यानंतर युनिकोडमधला तोच परिच्छेद उघडून मुक्ता, शोभिका अशा खुल्या परवान्याच्या फाँटमध्ये एकामागून एक दाखवतो. अक्षरांचे वळण बदलते, मजकूर तसाच राहतो. शेवटी पाहुण्याला स्वतःचे नाव आणि 'तऱ्हा' किंवा 'वाऱ्यावर' असा एखादा शब्द इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाने टंकायला सांगतो. 'ऱ्' नीट उमटलेला पाहून मुद्रितशोधकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्यापुढे आमचे कोणतेही भाषण फिके पडते. इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर असल्यामुळे इथे शिकलेले घरच्या संगणकावरही उपयोगी पडते, हेही त्याच वेळी सांगावे. पुस्तकाची मांडणी करणारे भेटले तर स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची १.६ मालिका दाखवावी. १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळत नसत, आणि तेव्हा पाहून नाराज झालेले अनेक मुद्रक अजून तोच अनुभव सांगतात.

हिशेब करणाऱ्यांसाठी कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या हिशेबाच्या भागात) भारतीय लोकेल (प्रदेशाची सेटिंग) निवडल्यावर लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम येतात, हे दाखवावे. दीर्घ लेखन करणाऱ्यांना शीर्षकांच्या शैली लावून अनुक्रमणिका आपोआप कशी तयार होते, हे दाखवावे. मेनू मराठीत करून दाखवावेत, पण कायम मराठीत ठेवू नयेत; वर्षानुवर्षे इंग्रजी मेनू पाहिलेला माणूस अचानक मराठी मेनू आला की बावरतो, आणि तो अनादर नव्हे, सवय आहे.

पाहुण्याने स्वतःची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा फोनवर आणली असेल तर सर्वांत उत्तम. ती त्याच्यासमोर उघडावी, काम झाल्यावर त्याच्यासमोरच पुसावी. मांडणी हलली तर लपवू नये. बहुतेक वेळा कारण फाँटचे असते: मूळ फाइलमधला कॅलिब्री किंवा कँब्रिया संगणकावर नसेल तर त्याच रुंदीची अक्षरे असलेले कार्लिटो आणि कॅलाडिया त्यांची जागा घेतात, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फाँट असतात, परंतु एखाद्या वेगळ्याच फाँटला असा जोडीदार नसतो आणि मग ओळी सरकतात. एवढे कारण समजले की माणूस सॉफ्टवेअरला 'बिघडलेले' म्हणत नाही. गुंतागुंतीचे मॅक्रो (फाइलमधल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) मात्र सगळे चालतीलच असे नाही, आणि ते तसेच सांगावे.

पाहुण्याच्या लॅपटॉपवर स्टॉलवर काहीही बसवून देऊ नये, हा नियम आम्ही एका वाईट प्रसंगानंतर केला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करण्यासाठी एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपच्या बूट सेटिंगमध्ये बदल केला, आणि नंतर विंडोजने बिटलॉकरची (डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागितली. हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आधीपासून कूटबद्ध असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. त्या मुलाची की त्याच्या खात्यात सापडली म्हणून निभावले. आता लिनक्स फक्त आमच्याच यंत्रांवर दाखवतो, आणि स्थापनेसाठी वेगळा दिवस देतो, ज्या दिवशी आधी माहितीची प्रत काढली जाते.

नेहमीचे प्रश्न

'फुकट आहे, मग दर्जा कसा असेल?' हा प्रश्न दिवसातून वीसदा येतो. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ अडकलेले असल्याने तिथे खूप स्पष्टीकरण द्यावे लागते. आपल्याकडे मुक्त आणि मोफत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा पूर्ण उपयोग करावा. हे सॉफ्टवेअर मोफत मिळते ही सोय आहे, पण ते मुक्त आहे, म्हणजे वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य देते, हे त्याचे मूळ वैशिष्ट्य आहे. शिक्षकाला हे एका वाक्यात पटते: 'सर, हेच सॉफ्टवेअर तुम्ही सगळ्या मुलांना घरी दिलंत तरी कोणाचा नियम मोडत नाही.'

'मग पैसे कोण देतं?' याचे उत्तर मोघम देऊ नये. लिबरऑफिसची घोषणा २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिस या आधीच्या संचापासून वेगळे होऊन झाली, बर्लिनमधील द डॉक्युमेंट फाउंडेशन देणग्यांवर चालते, आणि कोलॅबोरासारख्या कंपन्या आपल्या ग्राहकांना सेवा विकून त्यातून या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अभियंत्यांचे पगार देतात. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची गोष्टही सांगण्यासारखी आहे: २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो जमवून त्याचा स्रोत खुला करून घेतला. सरकारी कार्यालयातल्या माणसाला भारत सरकारचे २०१५ चे मुक्तस्रोत स्वीकाराचे धोरण दाखवावे, आणि ओडीएफ हे लिबरऑफिसच्या फाइलींचे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, हेही सांगावे; फाइलवर शेरा लिहिणाऱ्याला अशा आधाराची गरज असते.

एखाद्याचे हिशेबाचे किंवा कर भरण्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर त्याला लिनक्सचा आग्रह करू नये. लिबरऑफिस विंडोजवरही चालते, तिथून सुरुवात करावी. दुसऱ्या कंपन्यांच्या उत्पादनांची निंदा स्टॉलवर पूर्ण वर्ज्य असावी, कारण समोरचा माणूस आयुष्यभर त्यांवरच काम करत आला असतो आणि ती निंदा त्याला स्वतःची वाटते.

उभी राहणारी माणसे

एका टेबलाला एका वेळी दोघे, दोन तासांची पाळी आणि दिवसाला किमान सहा जण, हे गणित आम्हाला जमते. त्यांत प्रोग्रामर नसलेली निदान दोन माणसे हवीत. आमच्या स्टॉलवरचे सर्वांत परिणामकारक संवाद एका निवृत्त शिक्षिकेने केले आहेत, कारण 'मला जमलं, तुम्हालाही जमेल' हे त्या म्हणाल्या की लोकांना पटते. विद्यार्थ्यांशीही 'तुम्ही' म्हणूनच बोलावे. स्वयंसेवकांनी टेबलामागे बसून आपसांत गप्पा मारू नयेत, फोनमध्ये डोके घालू नये, आणि स्टॉलवर जेवू नये. आदल्या दिवशी एकमेकांनाच पाहुणा करून तास-दीड तासाची तालीम घ्यावी. त्यात 'मला माहीत नाही, विचारून कळवतो' हे वाक्य म्हणण्याचाही सराव करावा.

संपर्क आणि पाठपुरावा

टेबलावर वही उघडी ठेवून नाव-नंबर लिहून घेण्याची पद्धत सोडावी. प्रत्येक नवा माणूस आधीच्या पन्नास जणांचे नंबर वाचू शकतो, हे योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, तो नसता तरी हे योग्य नव्हतेच. वेगळ्या चिठ्ठ्या कराव्यात, त्यांवर माहिती कशासाठी घेत आहोत आणि कधी नष्ट करू ते छापावे, आणि चिठ्ठी बंद पेटीत टाकायला सांगावे. चिठ्ठीवर 'तुमची अडचण' अशी एक रिकामी ओळ ठेवावी, आणि माणूस गेल्यावर लगेच स्वयंसेवकाने मागच्या बाजूला दोन शब्द टिपावेत. संध्याकाळी कोणाचे काय होते, ते आठवत नाही. देणगी रोख घेऊ नये. द्यायची असेल त्याला प्रकल्पाचे अधिकृत पान दाखवावे.

परिषद संपल्यापासून दोन दिवसांत प्रत्येकाला त्याच्या अडचणीचा उल्लेख करणारा संदेश जावा, आणि आठवड्याच्या आत एक बैठक ठरलेली असावी, जिची तारीख पत्रकावर आधीच छापलेली आहे. तीन तास, एक वर्गखोली आणि चार जाणकार एवढे तिला पुरते. स्टॉलवर आलेल्यांपैकी जे थोडे या बैठकीला येतात, त्यांतूनच पुढचे स्वयंसेवक मिळतात. मराठी माणसाला हातभार लावण्याचा सर्वांत जवळचा मार्ग भाषांतराचा आहे: लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट आणि फायरफॉक्सचे पाँटून या संकेतस्थळावर चालते, आणि दोन्हींसाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. पाच ओळी स्टॉलवरच भाषांतरित करून घेतल्या तर माणूस घरी जाऊन सहावी करण्याची शक्यता वाढते.

दिवसभरात पाहुण्यांच्या फाइलींत जे दोष दिसले ते त्याच आठवड्यात प्रकल्पाच्या बगझिलावर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) नोंदवावेत, मालकाची परवानगी घेऊन आणि खासगी मजकूर काढून टाकलेली नमुना फाइल जोडून. देवनागरीतले दोष मराठी, हिंदी, नेपाळी वापरणाऱ्यांनी नोंदवले नाहीत तर ते दुसरे कोण नोंदवणार? नोंदीचा क्रमांक त्या पाहुण्याला कळवावा. एका ग्रंथपालांना असा क्रमांक पाठवला होता. दोष दुरुस्त होईपर्यंत त्या दर महिन्याला ती नोंद उघडून पाहत होत्या, आणि पुढच्या वर्षीच्या स्टॉलवर दुपारच्या पाळीला त्याच उभ्या होत्या.